ठाण्यापास्नं मोहने, चार दिवस, गाड्यासकट

इंदूरपास्नं पडघ्यापर्यंत काही झालं नाही, म्हणून ते सांगत नाही. रस्ता चांगला होता. दोन रात्री गाड्यातच झोपलो. एकदा म्हशी आडव्या आल्या, बसल्या, उठल्या आणि गेल्या. बायका विचारतात, काकू, एवढ्या लांबनं आलात, फार हाल झाले असतील. झाले. पण ते पडघ्याच्या पुढं. पडघ्याला डावीकडं वळलं की गांधारीच्या पुलावरनं आमचं मोहने जवळच. तिथं हे वळले नाहीत. सरळ ठाण्याला गेले. का, तर पोराला गाडा दाखवायचा होता. तिथपास्नं घरी पोचायला आम्हाला चार दिवस लागले.

आधी गाड्याचं सांगते. आमचे हे मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला, मग इथंतिथं कामं केली, मग घरी बसले. घरी बसलेला फिटर फार वाईट. माझा मिक्सर त्यांनी तीनदा उघडला, काही बिघडलेलं नसताना. मग एक दिवस भंगारवाल्याकडनं दोन चाकांचा गाडा घेऊन आले. चायनीजचा. वर पत्रा, बाजूला उघडणारी मोठी खिडकी, खाली फळी. आत त्यांनी पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, देवाला कोनाडा केला. जुन्या जीपच्या मागं हूक लावला आणि म्हणले, "चल, आता घर बरोबर घेऊन फिरू." बाहेरचा रंग तेवढा राहिला. लाल गाडा, त्यावर जीभ काढलेला मोठा ड्रॅगन आणि पिवळ्या अक्षरांत 'चायनीज कॉर्नर'. "रंग नंतर देऊ," म्हणले. तो ड्रॅगन आमच्याबरोबर इंदूरला लेकीकडं दोन महिने राहून आला.

इंदूरला असतानाच पारूबाईचा फोन आलेला. पारूबाई म्हणजे आमच्या चाळीतली शेजारीण. आमची खोली सात नंबर, तिची आठ. किल्ली तिच्याकडंच असते. ती म्हणली, "सुमन, गुरुवारी अकरा वाजता सर्वेवाले येणार आहेत. चाळ पाडून बिल्डिंग होणार म्हणतात. ज्याची खोली उघडी आणि माणसं हजर, त्याचं नाव लिहिणार. कुलूप दिसलं की 'बंद' लिहून पुढं. मग नवीन घर विसरा."

खोली ह्यांच्या नावावर. म्हणजे सहीला हे पाहिजेत. मी म्हणलं, रेल्वेनं जाऊ. हे म्हणले, "आणि गाडा कोण आणणार? सोमवारी पोचतो. गुरुवारला काय तोटा?"

सोमवारी दुपारी पडघा मागं पडलं. बोलून वळणारा माणूस असता तर बोलले असते.

ठाणे

एक गोष्ट मला ठाण्याला कळली. ह्यांना गाडा मागं घेता येत नाही.

इंदूरच्या रस्त्याला मागं घ्यायची वेळच आली नव्हती. पुढं जायचं, थांबायचं, पुढं जायचं. पण मागं घेताना जीपचं स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की गाड्याचं ढुंगण उजवीकडं जातं. हे ह्यांना मान्यच नाही. जन्मभर मशीन ह्यांचं ऐकत आलं, आणि हा दोन चाकांचा डबा ऐकत नाही म्हणजे काय? जितकं मान्य नाही तितकं फिरवायचे, आणि गाडा तितका आडवा व्हायचा.

आमचा महेश ठाण्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. गेटवर वॉचमन म्हणला, "अंकल, खाने का डिलिव्हरी पीछे के गेट से." मागच्या गेटनं गेलो. ह्यांना वाटलं बिल्डिंगला वळसा घालून रस्ता पुढच्या गेटला निघेल. रस्ता झोपाळ्याशी निघाला. पुढं बाग, डावीकडं पोहायचा हौद, उजवीकडं भिंत. मागं घ्यायला गेले तर गाडा आडवा बसला, गाड्याचा एक कोपरा हौदाच्या कठड्यावर.

थोड्या वेळानं सेक्रेटरी आले. इस्त्रीचा शर्ट, सभ्य माणूस. "काका, हे व्यावसायिक वाहन आहे. सोसायटीच्या नियमात बसत नाही."

हे म्हणले, "साहेब, ते आता कशातच बसत नाही. म्हणून तर असं उभं आहे."

महेश कामावरनं आला तो लाल होऊन. सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये गाड्याचा फोटो फिरलेला. कुणी विचारलेलं, आवारात चायनीजला परवानगी कुणी दिली? त्याच्या खाली बाकीच्यांनी विचारलेलं, व्हेज वेगळं करतात का? सून बिचारी खिडकीतनं खाली बघायची आणि पडदा ओढायची.

"आई, वर चला. गाड्यात काय झोपता?"

"बाळा, वर येते. पण गुरुवारी मोहन्यात पोचायचंय. गाडा इथं राहू दे, बाबांना आणि मला सोडून ये."

सेक्रेटरी म्हणले, ठेवता येणार नाही, आज रात्रीपुरता माणुसकी म्हणून राहू देतो. हे म्हणले, गाडा सोडून मी जाणार नाही, उचलून नेतील. ह्यांना शुगर आहे. गाडा एकटा सोडला तर उचलतील, ह्यांना एकटं सोडलं तर जेवणार नाहीत. म्हणून मी गाड्याबरोबर.

मंगळवारी सकाळी बागेत म्हातारी माणसं जमली. रोज जमतात, गोल उभी राहतात आणि हसतात. कशाला असं नाही, तब्येतीला चांगलं म्हणून. माझ्या आयुष्यात हसायला असा वेळ काढलेला मी बघितला नाही. त्यांच्यातल्या एक बाई ड्रॅगनजवळ आल्या आणि म्हणल्या, "वहिनी, अडकलाय का? आम्ही आहोत ना."

ह्यांनी हूक काढला. वीस-बावीस म्हातारी माणसं गाड्याला लागली. त्यांच्या मास्तरांनी सांगितलं, श्वास घ्या, हात वर, आणि हा हा हा म्हणत ढकला. हा हा हा म्हणत त्यांनी गाडा हौदावरनं सोडवला आणि फिरवून गेटाकडं तोंड केलं. मला खरंच कळेना की कुणाला आता हसू येतंय आणि कुणी व्यायाम करतंय. आमचे हे मात्र एकटे गंभीर.

कळवा

परत हायवेला जायचं तर रस्त्याचं काम काढलेलं. मोठ्या गाड्या कळव्याकडनं सोडत होते. कळव्याला दत्तूभाऊजी राहतात, ह्यांचे चुलतभाऊ. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या कडेला, आणि दिवसभर गॅलरीत. भावाच्या दारावरनं न थांबता गेलं तर काय होतं ते आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. दत्तूभाऊजींच्या थोरल्या वहिनी एकदा अशा गेल्या होत्या, घाईत, दवाखान्यात. त्याला पंधरा वर्षं झाली. अजून त्यांच्याकडची पत्रिका परत जाते.

मी म्हणलं, मान खाली घालून जाऊ. पण लाल गाडा आणि ड्रॅगन, मान खाली घालून काय होतंय. वरनं हाक आली, "ए नाना! चायनीज कधीपास्नं काढलंस?"

थांबलो. तोपर्यंत दुपार. मटण शिजलं, म्हणजे संध्याकाळ. मी म्हणलं, भाऊजी, गुरुवारी सर्वे आहे, निघतो. ते म्हणले, "आज मंगळवार. वहिनी, मोहने काय अमेरिकेत आहे का?"

मग झोपायची वेळ आली. मी सहज म्हणलं, तुम्हाला अडचण नको, आमचा पलंग आहे खाली गाड्यात. जाऊबाईंचा हात पोळी लाटता लाटता थांबला.

"आमच्या दारात येऊन तुम्ही तुमच्या घरात झोपणार?"

"अडचण नको म्हणून..."

"अडचण? लग्नात आमच्याकडं अकरा माणसं ह्याच खोलीत झोपलेली. तेव्हा नाही अडचण झाली. आता घर मागं बांधून आणलंत, आता आम्ही नकोसे."

एवढं झाल्यावर वर झोपणं भाग होतं. पण आत पलंग एकच. दत्तूभाऊजी म्हणले, "वहिनी, तुम्ही आणि नाना इथं झोपा. ही स्वयंपाकघरात झोपेल. मी बघतो तुमचा गाडा कसा लागतो अंगाला." आणि चादर घेऊन खाली गेले. म्हणजे पाहुणे यजमानाच्या घरात आणि यजमान पाहुण्यांच्या. मान राहिला.

बुधवारी पहाटे साडेपाचला निघालो. जाऊबाई म्हणल्या, "हे काय, चारलाच उठतात. दूध आणून नाक्यावर बसले असतील गप्पा मारत. मी सांगते त्यांना." ह्यांनी हूक तपासला, चाकं तपासली. आत कुणी बघितलं नाही. आपल्याच घरात कोण बघतं?

शीळचा रस्ता

मुंब्र्याच्या पुढं, शीळफाट्याला वळलो आणि थांबलो. पुढं गाड्या, मागं गाड्या, बाजूला ट्रक. कुणी काही सांगत नव्हतं. तासाभरात आम्ही एका पिंपळापास्नं दुसऱ्या पिंपळापर्यंत आलो.

मग मागनं धडधड ऐकू आली. हे म्हणले, हूक सैल झाला. मी उतरून मागं गेले. गाड्याची खिडकी आतनं कुणीतरी ढकलत होतं. खिडकीचा पत्रा वर झाला आणि आतनं दत्तूभाऊजींचं डोकं बाहेर आलं. बनियन, लुंगी, केस उभे.

"वहिनी," म्हणले, "कळवा कुठं गेलं?"

मी म्हणलं, "भाऊजी, कळवा जिथल्या तिथं आहे. आपण शीळफाट्याला आलोय."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, रांगेतले ट्रक बघितले. मग फळीवर कोपरं टेकून नीट उभे राहिले. "बरी झोप लागली," म्हणले. "चारला उठतो मी रोज. आज काय झालं कुणास ठाऊक. हलत होतं ना, पाळण्यासारखं."

इतक्यात रिक्षातनं एक माणूस उतरून खिडकीशी आला. "काका, हाफ नूडल्स."

"हो, देतो," दत्तूभाऊजी म्हणले.

"भाऊजी, काय देताय?"

"वहिनी, माणूस भुकेला आहे. आपल्या दारात आलाय."

हे मात्र खरं होतं. दारात आलेल्याला नाही म्हणायचं मला माझ्या आईनं शिकवलं नाही. लेकीनं इंदूरहून दिलेले पोहे होते. कांदा चिरला, फोडणी घातली. त्या माणसानं पोहे बघितले, ड्रॅगन बघितला, सगळे खाल्ले आणि अजून मागितले. मग ट्रकवाले आले. मग एका बसमधल्या बायका आल्या. एका पोरीनं विचारलं, "आजी, सेजवान चटणी?" मी लसणाची दिली. ती म्हणली सेम आहे. रस्ता पुढं सरकला की हे जीप चार हात पुढं घ्यायचे, आणि गिऱ्हाईक ताटलीसकट बाजूनं चालत यायचं. दत्तूभाऊजी ओरडायचे, "नाना, हळू! पाणी वाढतोय!"

पोहे संपले तेव्हा दुपार झाली होती. पारूबाईचा फोन आला. "कुठं आहेस?"

"शीळच्या रस्त्याला."

"अगं, काल कळव्याला होतीस. चालत येतेस का?"

चालत आले असते तर लवकर आले असते. ते तिला सांगितलं नाही. "उद्या अकरा," ती म्हणली. "मी आत्ताच दार उघडून, केर काढून ठेवते. पण माणसं मी कुठनं आणू?"

डोंबिवली

डोंबिवलीला थांबायचंच नव्हतं. पण लेकीच्या सासूबाईंसाठी इंदूरची शेव दिलेली. विहीणबाईंची शेव दारावरनं परत मोहन्याला नेली आणि महिन्यानं पाठवली, तर त्याचं उत्तर लेकीला द्यावं लागतं. मी म्हणलं, जीप मोठ्या रस्त्याला उभी करा, मी पळत जाऊन देऊन येते. पण हे गल्लीत शिरले. "दोन मिनिटं," म्हणले.

गल्लीत हळदीचा मांडव होता. रस्ताभर मांडव, खुर्च्या, झालर, आणि आवाज असा की जीपच्या काचा थरथरत होत्या. मागं घ्यायला पाहिजे होतं. ह्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. तेवढ्यात गळ्यात सोन्याची जाड साखळी घातलेला एक दांडगा माणूस धावत आला.

"आलास का? कवाचा वाट बघतंय! चल, हिकरं लाव, हिकरं!"

"अहो, आम्ही..."

"बोलाचा नंतर. लोकं जेवाला बसली!"

चौघांनी खुर्च्या बाजूला केल्या, दोघांनी वायर वर धरली आणि आम्हाला सरळ मांडवाच्या आत घेतलं. डावीकडं पाणीपुरी, उजवीकडं आइस्क्रीम, मध्ये आम्ही. मागं परत खुर्च्या लावल्या. आमच्यासमोर रांग लागली. त्यांनी ज्याला चायनीजचं सांगितलेलं तो बहुतेक शीळच्या रस्त्यालाच असावा.

दत्तूभाऊजी ह्यांचा शर्ट घालून उतरले आणि गर्दीत गेले. थोड्या वेळानं बघितलं तर नाचत होते. अंगभर हळद. नवरदेवाच्या आत्या त्यांना विचारत होत्या, तुम्ही मुलीकडचे का? ते म्हणले, "मी कळव्याकडचा."

मी शेवेची पिशवी घेऊन जिना चढणार, तेवढ्यात विहीणबाईच खाली आल्या. मास्तरीण होत्या त्या, बोलणं एकदम पुस्तकी. मला बघितलं, ह्यांना बघितलं, ड्रॅगन बघितला.

"सुमनताई," म्हणल्या, "आम्ही या आवाजाची तक्रार करायला निघालो होतो. आणि आवाजात तुम्हीच निघालात."

"शेव दिली आहे लेकीनं," मी म्हणलं.

त्यांनी पिशवी घेतली. आवाजात दुसरं काही बोलता येत नव्हतं, म्हणून दोघी उभ्या राहिलो. मग त्या माझ्या कानाशी येऊन म्हणल्या, "तुमच्याकडे मंचुरियन आहे का? मी कधी खाल्लेलं नाही. घरात आणू देत नाहीत."

शेवटी साखळीवाल्याला मी सगळं खरं सांगितलं. आम्ही चायनीज नाही, आमचं घर आहे हे, उद्या अकराला मोहन्याला पोचलो नाही तर दुसरं घर जातं. तो ऐकत राहिला. मग म्हणला, "आये, सकाली आठला तुमचा गाडा बाहेर. माझा शब्द. पन जेवल्याबिगर जावाचा नाय." मी म्हणलं, आत्ताच काढा. तो म्हणला, मांडवात आता तीनशे मानूस, कुठनं काढू? बरोबर होतं. जेवलो. भात चांगला होता, सुक्या मटणाला मीठ जास्त. विहीणबाईंनी मात्र बरं वागवलं, वर नेऊन झोपायला दिलं आणि गाड्यात का झोपत नाही असं एकदाही विचारलं नाही.

मोहने

गुरुवारी आठला पंधरा-वीस माणसं आली, रात्रभर नाचलेली, आणि गाडा अक्षरशः उचलला. चाकांसकट, खुर्च्यांच्या वरनं, पालखीसारखा, मोठ्या रस्त्याला नेऊन ठेवला. हे मागनं जीप घेऊन गेले. जीपला मागं घ्यायला काही होत नाही, एकटी असली की.

ठाकुर्लीला दत्तूभाऊजींना स्टेशनला उतरवलं. अजून पिवळे होते. जाऊबाईंचा फोन आला. "हळदीला होतो," एवढं सांगून त्यांनी तो माझ्याकडं दिला. जाऊबाई म्हणल्या, "दूध आणायला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी हळद लावून येतोय म्हणजे काय समजू मी?" मी म्हणलं, घरी आले की विचारा. अजून बोलत नाहीत म्हणे त्यांच्याशी. माझ्याशी बोलतात.

कल्याणातनं जाताना दहा वाजले. शहाडच्या पुलाला सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा. ह्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. मला तेव्हा कळलं की ह्यांनाही भीती वाटते. इतके दिवस मी समजत होते, ती एकटी मलाच.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला पिठाच्या गिरणीचा ओटा. जीप शिरली. गाडा शिरला आणि घट्ट बसला. पुढं हलेना. मागं तर नाहीच. मागं लगेच रिक्षा, टेंपो, शाळेची व्हॅन. माणसं ओरडायला लागली.

"तू जा," हे म्हणले. "त्यांना बसवून ठेव. मी येतो."

मी चालत सुटले. गुडघे दुखतात, पण त्यादिवशी दुखल्याचं आठवत नाही. चाळीत आले तर आमच्या सात नंबरच्या दारात बुटांचे दोन जोड. उशीर झाला, असं वाटलं. मग आतलं बोलणं ऐकू आलं.

"सुमनबाई, किती वर्षं राहता इथे?"

"लग्न होऊन आले तेव्हापास्नं," कुणीतरी म्हणलं.

मी वाकून बघितलं. माझ्या पलंगावर पारूबाई बसलेली. माझी निळी साडी, कपाळावर हे एवढं कुंकू. पारूबाईचा नवरा कारखाना बंद पडला त्याच्या पुढल्या वर्षी काविळीनं गेला. तेव्हापास्नं तिच्या कपाळावर मी टिकलीसुद्धा बघितली नव्हती. समोर एक पोरगा साहेब, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फाईल. त्याच्याबरोबरची बाई फोटो काढत होती.

"आधारवरचा फोटो वेगळा दिसतोय," ती म्हणली.

"बाई, तुमचा सारखा दिसतो का?" पारूबाई म्हणली. त्या बाईनं जरा विचार केला आणि फोटो काढला.

"मालक कुठे आहेत? सही लागेल."

"येतायत. गाडी लावायला गेलेत."

तेवढ्यात तिनं मला बघितलं. डोळ्यांनी तिनं आठ नंबरकडं खूण केली. मग मला उमगलं. आता पुढची खोली तिची. ती इथं सुमन होऊन बसली, फोटो निघाला, आता तिला तिकडं पार्वती होऊन बसता येणार नाही. माझी खोली वाचवायला तिनं स्वतःची मोकळी टाकली होती.

मी चाळीच्या मागनं गेले आणि तिच्या मोरीच्या दारानं आत शिरले. कागद तिनं ट्रंकेवर काढूनच ठेवलेले. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत घातलं. मोरीत पाण्याचं पिंप होतं. ओंजळ भरली आणि थांबले. सगळ्यांना सांगून ठेवते, मी थांबले. मग कपाळ पुसलं.

साहेब आला. खुर्ची ओढून बसला.

"नाव?"

"पार्वती."

"पती?"

"वारले."

"कधी?"

"कारखाना बंद पडला त्याच्या पुढल्या वर्षी."

"कशाने?"

हे फाईलमध्ये असतं की त्यानं सहज विचारलं, देव जाणे. "काविळीनं," मी म्हणलं. त्यानं लिहिलं. पोरगा चांगला होता, मान हलवून म्हणला, "कठीण असतं आजी, एकटं राहणं." मी म्हणलं, सवय होते. बाईनं माझा फोटो काढला.

आणि तेवढ्यात दारात हे उभे. घामानं निथळलेले, हाताला ग्रीस, गल्लीभर शिव्या खाऊन आलेले. "अगं..." म्हणले आणि माझ्या कपाळाकडं बघून तोंड उघडंच राहिलं.

"हे कोण?" साहेबानं विचारलं.

"शेजारचे," मी म्हणलं.

"हां, सात नंबर! काका, तुमचीच सही राहिलीय. तुमच्या मिसेस बाजूला कागद घेऊन थांबल्यात."

ह्यांना कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागते. त्यादिवशी एकदाही लागली नाही. ते माझ्याकडं बघत उभे राहिले, मग वळले आणि बाजूच्या खोलीत गेले. भिंत पातळ आहे. पारूबाई इतकी वर्षं त्यांना भाऊजी म्हणत आली. तिचा आवाज ऐकू आला, "अहो... इथं करा सही." मग साहेब आणि बाई उठले, सहीचा कागद घेऊन, दारांवर खडूनं नंबर घालून पुढच्या खोलीला गेले.

आम्ही तिघं गॅलरीत आलो. पारूबाई म्हणली, "आता नवीन बिल्डिंगीत तुझ्या दारावर माझा फोटो."

"शेजारी शेजारी मागून घेऊ," मी म्हणलं. "मग कुणी कुठंही बसलं तरी चालतंय."

हे आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला. बाहेर आले ते देवापुढचा करंडा घेऊन, ग्रीसच्याच हातानं. गल्लीत तोपर्यंत हॉर्न, शिव्या, कुणीतरी लोखंडानं गाडा बडवत होतं.

"आधी गाडा काढा," मी म्हणलं. "पोलीस बोलावतील."

"आधी लाव," ते म्हणले.

लावलं. पारूबाई गॅलरीच्या टोकाला बादलीत हात घालून उभी होती, कपाळ पुसायला. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक गाड्याला शिव्या घालतायत," मी म्हणलं. "त्यांना आत्ता वेळ नाही. चल, ढकलायला ये."